एम.एस्सी.ला परदेशात मी जाणार, नवऱ्याला सोबत कसं न्यायचं?

पळसबन

नमस्कार मंडळी. गाव केळापूर तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीत बी.टेक. केलं, मग ठिबकच्या कंपनीत नोकरी, मागच्या उन्हाळ्यात लग्न. आता जलव्यवस्थापनात मास्टर्स करायचंय. तीन ठिकाणचे प्रवेश हातात आहेत. इंग्लंडचा कोर्स १२ महिन्यांचा, जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया दोन-दोन वर्षांचे.

मिस्टरांचं आयटीआय झालंय, डिझेल मेकॅनिक. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि घरची साडेआठ एकर कोरडवाहू. सासरच्यांना माझ्या शिकण्याचं वावडं नाही, एकटीनं जाण्याचं आहे. मिस्टर म्हणतात, येतो मी, तिकडं काय ट्रॅक्टर नाहीत का? गावात मात्र "बायकोच्या मागं चालला" सुरू झालंय. ते आम्ही बघून घेऊ.

नागपूरच्या एका एजंटनं सांगितलं की तिन्ही देशांत नवऱ्याची फाईल "होऊन जाते", फक्त आगाऊ पैसे भरा. हे "होऊन जाते" ऐकलं आणि मी इथं लिहायला बसले. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. नवऱ्याचा व्हिसा कशावर ठरतो? माझ्यासोबतच काढायचा की मागाहून? आणि तिथं त्यांना काम करता येतं का?

मूर्तिजापूर_ते_मँचेस्टर

ताई, इंग्लंडचं पत्र बाजूला ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या साध्या मास्टर्सला (वर्गात बसून शिकायचा तो) जोडीदार नेता येत नाही. पीएच.डी. किंवा संशोधनावर आधारलेली उच्च पदवी असेल तरच, नाहीतर सरकारच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर असाल तर. तुमचा १२ महिन्यांचा एम.एस्सी. यात बसत नाही. एजंटनं कितीही मान डोलावली तरी.

लोक इथंच फसतात. त्यांना वाटतं, कोर्स संपला की ग्रॅज्युएट व्हिसा मिळेल, मग बोलावू. त्या व्हिसावर जोडीदार फक्त तोच, जो आधीपासून विद्यार्थ्याचा अवलंबित म्हणून तिथं आहे. नवा माणूस त्यावर आणता येत नाही. म्हणजे स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसाची नोकरी लागेपर्यंत नवरा केळापूरलाच. आणि जुलै २०२५ पासून त्या नोकरीची पातळी पदवीच्या कामाची केली, पगाराची सर्वसाधारण अटही ४१,७०० पौंडांवर नेली. नवख्यांना ती कमी आहे, पण कमी म्हणजे ३३,४००.

मी २०२२ ला आलो तेव्हा बायकोला सोबत आणलं होतं. तेव्हाचे व्हिडिओ अजून यूट्यूबवर फिरतात, तारीख पाहूनच विश्वास ठेवा.

रोखठोक_काकाजी

पोरी, व्हिसाचं हे लोक सांगतीन. मले एक सांग, वावर कोन पाह्यणार हाय? साडेआठ एकर म्हंजे काई कुंडीतलं झाड नाई. सासऱ्याचं वय काय? सातबारा कोनाच्या नावावर? पीककर्ज कोनाच्या सहीनं निंगते?

नवरा तिकडं अन् कर्ज त्याच्या नावावर, तं नूतनीकरणाले सही कोन करन? तीन लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तं पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत बिनव्याजी पडते. तारीख चुकली का गेली सवलत. ई-पीक पाहणी मोबाईलवर वावरात उभं राहून करा लागते, जर्मनीतून नाई होत. सासऱ्याच्या नावानं मुखत्यारपत्र करून ठेवा, नाईतं वावर मक्त्यानं द्या अन् कागद करा. तोंडी मक्ता देऊन परदेशात जाऊ नोका. भाऊबंदकी काय असते ते तुले सांगाले नाई पाह्यजे.

बायकोच्या मागं चालला म्हनणाऱ्याईले म्हना, तुमी कोनाच्या मागं चालले ते सांगा पह्यले.

पळसबन

काकाजी, शेवटच्या ओळीवर मिस्टर खूप हसले. सातबारा सासऱ्यांच्याच नावावर आहे, पण कर्जात मिस्टर जामीनदार आहेत. शाखेत विचारते. इंग्लंडवर काट मारली.

धंतोलीचा_शेजारी

एजंटबद्दल थोडं. आमच्या भागात एका इमारतीत अशी चार दुकानं सापडतात. बऱ्याच जणांचं कमिशन विद्यापीठाकडून येतं, त्यामुळे प्रवेश करून देण्यात त्यांना रस, नवऱ्याच्या फाईलचं काय झालं यात नाही. "नवऱ्याची फाईल नाकारली गेली तर काय?" असं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कागदावरचं लग्न लावून देणारेही आता इकडं फिरू लागलेत. पंजाबात हा धंदा जुना. आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) पास मुलगी, खर्च मुलाकडचा, लग्न फाईलपुरतं. पकडलं गेलं तर कॅनडात पाच वर्षं बंदी, इंग्लंडमध्ये फसवणुकीला दहा वर्षं. तुमचं लग्न खरं आहे, पण नवं आहे. त्यामुळे तुमच्या फाईलकडेही अधिकारी त्याच नजरेनं एकदा बघणार, हे धरून चाला.

वर्धेकर_बर्लिनात

जर्मनीचं मी सांगतो, बायकोचं सगळं मीच केलंय. जरा लांबेल.

तुमच्यासाठी ए.पी.एस. प्रमाणपत्र (आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचा जर्मन दाखला), प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. सध्या वर्षाला ११,९०४ यूरो, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ प्रमाणे सुटतात. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मात्र बिगरयुरोपियनांना सत्राला १,५०० यूरो. तुमचं विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे ते बघा.

मिस्टरांना लागतो कुटुंब एकत्रीकरणाचा व्हिसा. यात तुमची बाजू भक्कम आहे. लग्न तुमच्या परवान्याच्या आधी झालेलं आणि तुमचा मुक्काम वर्षापेक्षा जास्त राहणार, अशा वेळी कायद्यानं जोडीदाराला हक्क मिळतो. अधिकाऱ्याच्या मेहरबानीवर राहत नाही. पण तीन गोष्टी पुऱ्या कराव्या लागतात.

पहिली भाषा. ए१ म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचं जर्मन, तेही मान्य संस्थेचं प्रमाणपत्र. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं चारही. इंजिनिअर लोकांना कधीकधी सूट मिळते, आयटीआयवाल्यानं तिच्या भरवशावर राहू नये. घाबरायचं कारण नाही. माझी बायको बारावी कला, हिंगणघाटची. रोज स्वयंपाक करताना मोबाईलवर धडे ऐकायची, भाकरी थापता थापता "इश हाइसं" (माझं नाव) म्हणायची. परीक्षेत बोलण्याच्या भागात तिला चांगले गुण पडले, लिहिण्यात जेमतेम.

दुसरी पैसा. मिस्टरांचा खर्च तुमच्या ब्लॉक्ड अकाउंटच्या वेगळा दाखवावा लागतो. किती, ते तुम्ही राहणार त्या शहराचं परदेशी नागरिक कार्यालय तपासतं, फाईल दूतावासातून त्यांच्याकडेच जाते. म्हणून मोठी महागडी शहरं टाळता आली तर टाळा.

तिसरी घर, आणि खरं रडू इथं येतं. वसतिगृहातली एकाची खोली दोघांना पुरेशी धरत नाहीत. दोघांचं नाव घालता येईल असा करार हवा. नव्या विद्यार्थिनीला तो भारतात बसून मिळणं कठीण. म्हणून बहुतेक जण करतात असं: विद्यार्थी आधी जातो, तीन-चार महिन्यांत घर बघतो, मग जोडीदाराची फाईल पुढं सरकते. अपॉइंटमेंटची रांग मोठी असते, तेव्हा नंबर आधीच लावा आणि ए१ तुम्ही निघायच्या आत करून ठेवा.

एवढं झालं की फायदा मोठा. कुटुंब एकत्रीकरणाच्या परवान्यावर काम करायला बंधन नाही, पूर्ण वेळ चालतं. तुम्हाला विद्यार्थिनी म्हणून वर्षाला १४० पूर्ण दिवस, मिस्टरांना अशी मोजदाद नाही. म्हणजे घरात जास्त कमावणारे तेच.

पळसबन

एवढं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका. ए१ नंतर ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम मिळतं का? आणि माझ्या नावाचा घोळ आहे. पासपोर्ट आणि पदवी माहेरच्या नावानं. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं आणि सासूबाईंनी हौसेनं आधार अन् राशन कार्डावर तेच चढवून घेतलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदललं. लग्नाची नोंदणी अजून केलेली नाही.

वर्धेकर_बर्लिनात

ए१ वर गॅरेज मिळेल असं म्हणणार नाही. ए१ म्हणजे नाव-गाव-भाजीपाला. सुरुवातीला गोदाम, हॉटेलचं स्वयंपाकघर, नाहीतर शेतावरची हंगामी कामं. शेतीयंत्रांची दुरुस्ती हा तिथं साडेतीन वर्षांचा रीतसर शिकाऊ अभ्यासक्रम असलेला व्यवसाय आहे आणि त्यात माणसं कमी पडतात. भाषा बी१ला, म्हणजे ए१च्या दोन पायऱ्या वर नेली तर त्यांच्या हाताला भाव आहे. त्याआधी नाही.

पंचायतीतला_एक

लग्ननोंदणीचं माझ्याकडून ऐका, रोजचं काम आहे.

महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली खेड्यात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोणी म्हणत नाही.) नमुना 'ड' भरायचा, दोघं जातीनं हजर, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि रहिवासाचे पुरावे. मग नमुना 'ई'त प्रमाणपत्र मिळतं. ९० दिवस उलटले असतील तर थोडा दंड, नोंदणी होते.

आता नावाचं. ताई, पासपोर्ट आणि पदवी एका नावाची आहे ना? मग त्या दोन्हीला हात लावू नका. लग्नानंतर पासपोर्टावर नाव बदलायची सक्ती नाही. प्रमाणपत्रात लग्नापूर्वीचं पूर्ण नाव पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न अक्षर, इंग्रजी स्पेलिंगसकट लिहून घ्या. 'व्ही' का 'डब्ल्यू', शेवटी एक 'ए' का दोन, ते कागदावर लिहून न्या आणि सही होण्याआधी स्वतः वाचा. आमच्याकडं घाईत "वैशाली"चं स्पेलिंग तीन तऱ्हेचं होतं. रजिस्टरात शाई वाळली की दुरुस्तीला पंचायत समितीचे खेटे.

आधारवरचं नवं नाव परत जुनं करून घेणं सोपं पडेल. सासूबाईंना वाईट वाटेल, समजावून सांगा. नवंच नाव ठेवायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी, मग पासपोर्ट, मग पदवीशी जुळवाजुळव, म्हणजे यंदाचा प्रवेश हातचा गेला.

सावजी_इन_व्हिक्टोरिया

ऑस्ट्रेलियाचं कोणी लिहीना म्हणून लिहितो.

इथं जोडीदार तुमच्याच अर्जात येतो, सबक्लास ५०० म्हणजे स्टुडंट व्हिसा. नवरा मागाहून येणार असला तरी तुमच्या पहिल्या अर्जात "विवाहित" लिहून त्याचं नाव द्यायचंच. काही जण लपवतात, की एकटी दाखवली तर व्हिसा लवकर होईल. लपवलेला नवरा नंतर तुमच्या स्टुडंट व्हिसावर येऊ शकत नाही. वरून खोटी माहिती दिल्याचं किटाळ.

मास्टर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला इथं तासांची मर्यादा नाही, तुमचा कोर्स सुरू झाल्यावर कितीही काम करा. तुम्हाला स्वतःला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. भाषेची अट नवऱ्याला नाही, आणि डिझेल मेकॅनिक इथल्या कौशल्य-यादीत आहे. तुमच्या मिस्टरांसाठी जर्मनीपेक्षा इथं काम लवकर मिळेल असं माझं मत.

पण खिसा बघा. मे २०२४ पासून वर्षाच्या राहण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर तुमचे आणि १०,३९४ जोडीदाराचे दाखवायचे. म्हणजे ४०,१०४, त्यावर वर्षाची फी आणि तिकिटं. अर्जाची फी जुलै २०२५ पासून २,००० डॉलर, नवऱ्याची वेगळी, आरोग्यविमा जोडप्याचा. नकार आला तर फी परत नाही. जर्मनीत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, हा फरक पचायला जड आहे.

बँकेतली_मावशी

पैशावर मी बोलते, ग्रामीण शाखेत आयुष्य गेलं.

शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. सरफेसी (बँकांच्या थकबाकी वसुलीच्या) कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली चालत नाही, म्हणून. "साडेआठ एकर आहे, कर्ज मिळेलच" हा भ्रम असेल तर काढून टाका. बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदतठेव, आयुर्विमा पॉलिसी असं काही लागतं. आणि कर्ज विद्यार्थिनीच्या खर्चाचं असतं, नवऱ्याच्या तिकिटाचं न् पोटापाण्याचं त्यात धरत नाहीत. सरकारी परदेश शिष्यवृत्तीतही कुटुंबाचा खर्च नसतो. त्याची सोय वेगळी.

दुसरं, खात्यात पैसे कसे दिसतात. आपल्याकडं कापूस दिवाळीनंतर निघतो, पैसा जानेवारीपर्यंत. वर्षभर खात्यात शे-पाचशे आणि एकदम चार-पाच लाख जमा झाले की परदेशी अधिकारी विचारणारच, आले कुठून? सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर किंवा बाजार समितीत घातला असेल तर काट्याची पावती, खात्यावर जमा, सगळं जुळतं. खेडा खरेदीवाल्याला दारात रोखीनं विकला तर हातात काहीच राहत नाही. यंदाचा कापूस, तूर, सोयाबीन, सगळं पावतीवर विका. भाव क्विंटलमागं थोडा कमी मिळाला तरी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा. दुकानाचे पैसे मिस्टर रोख घेत असतील, तर आजपासून क्यूआर लावा.

पळसबन

मावशी, दुकानात क्यूआर आहे, पण खातं सासूबाईंचं. आज बदलायला सांगते.

कॅलिफोर्नियातली_कळंबकर

अमेरिका तुमच्या यादीत नाही, तरी लिहिते, कारण धाग्यावर इतरही वाचत असतील. मी एफ-२ वर आले, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. या व्हिसावर जोडीदाराला नोकरी करता येत नाही. पगारी नाही, घरून नाही, ऑनलाईन नाही. पदवीचं पूर्ण वेळ शिक्षणही नाही, फार तर अर्धवेळ काही शिकता येतं. जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावरच्या) विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कामाची परवानगी मागता येते, एफवाल्याला नाही.

मी बी.ई. आहे. नवरा प्रयोगशाळेत, मी खोलीत. गाडी एकच, ती त्याच्याकडं. दुपारी कळंबला रात्र झालेली, आईला फोन लावायचीही सोय नाही. शेवटी ग्रंथालयात गोष्टी वाचून दाखवायला जाऊ लागले, बिनपगारी, आणि त्यानं जीव राहिला. तुमच्या मिस्टरांना हाताला काम नसेल अशा ठिकाणी नेऊ नका. दिवसभर पान्यानं काम करणारा माणूस सोफ्यावर बसवला तर दोन महिन्यांत भांडणं सुरू होतील.

झाडीपट्टीचा

कॅनडा दोन ओळींत. २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचं ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडं कामाची परवानगी) फक्त १६ महिने किंवा जास्त मुदतीच्या मास्टर्सला, पीएच.डी.ला आणि काही ठरावीक व्यावसायिक पदव्यांना. डिप्लोमावाल्यांना बंद. आमच्या देसाईगंजच्या पोरानं दोन वर्षांचा डिप्लोमा घेतला, बायको अजून इथंच धान कापते.

रोखठोक_काकाजी

माह्या मतानं पोरीनं एकटीनंच जावं. सहा महिने राहून पाहा, मंग नवऱ्याले बोलाव. दोघंई एकदम गेले अन् नाई जमलं, तं दुकानाचं गिऱ्हाईक गेलं, वावर मक्त्यानं गेलं.

कॅलिफोर्नियातली_कळंबकर

काकाजी, एरवी पटलं असतं. पण सासरची अट एकटीनं न जाण्याची आहे. सहा महिन्यांचे नऊ झाले, रांग लांबली, तर तिलाच परत बोलावतील. त्यापेक्षा मागाहून येण्याची तारीख आणि कागद घरच्यांसमोर आधीच मांडलेले बरे.

रोखठोक_काकाजी

हे मले सुचलं नाई. तुह्यं खरं हाय.

पळसबन

घरी बसून सगळं वाचून दाखवलं, सासरेही ऐकत होते. ठरलं ते असं. जर्मनी. ऑस्ट्रेलियात मिस्टरांना काम लवकर मिळेल हे कळतं, पण ४०,१०४ डॉलर अधिक फी आमच्या घराला झेपणार नाही. मिस्टर पुढच्या सोमवारपासून ए१ ची ऑनलाईन बॅच लावताहेत, संध्याकाळी साडेसात, दुकान बंद झाल्यावर. मी ऑक्टोबरच्या सत्राला जाईन, ते माझ्यामागून, घर मिळालं की. सासऱ्यांनी एकच विचारलं, "मंग दिवाळीले कोन हाय घरी?" या दिवाळीला मिस्टर असतील, पुढच्या वर्षीचं बघू.

नोंदणीसाठी बुधवारी ग्रामपंचायतीत जातोय. पंचायतीतले दादा, साक्षीदारांत मिस्टरांचे मोठेबाबा चालतील का? त्यांच्या आधारवर जन्मतारीख नाही, नुसतं साल आहे.

पंचायतीतला_एक

चालतील. साक्षीदाराची ओळख आणि पत्ता पटला पाहिजे, बाकी काही नाही. येताना लग्नातला एक फोटो असा आणा ज्यात दोघांचे चेहरे दिसतील. लोक मुंडावळ्यांनी झाकलेला आणतात.